दोन तासांच्या मधली जागा
(प्रस्तावना)

२०२० साली शाळा बंद असताना सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी अक्षरे, अंकगणित, व्याकरण, विज्ञानातल्या आकृत्या अशी पाठ्यपुस्तकाची पानेच गल्लीबोळांत आणली. वस्ती कापड उद्योगातल्या कामगारांची. ऑनलाइन वर्गासाठी लागणारा फोन आणि त्याचा रिचार्ज पुष्कळ घरांना परवडणारा नव्हता, म्हणून मुले अंतर राखून भिंतीसमोर उभी राहत आणि वाचत. त्याच वर्षी ३ डिसेंबरला याच जिल्ह्यातील, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले होते. पानावर फोन धरला की कविता ऐकू येई, पाठ पाहता येई. पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

एकाच जिल्ह्यातल्या, एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी आहेत. एकीकडे फोनमुळे पाठ्यपुस्तक बोलू लागले होते आणि दुसरीकडे फोन नाही म्हणून पाठ्यपुस्तक भिंतीवर गेले होते. मोबाइलवरच्या निरोपांतून शिक्षण कसे साधावे याचा विचार करणाऱ्याला दोन्ही एकत्र डोळ्यांपुढे ठेवावी लागतात. प्रस्तुत पुस्तकाचे लेखक सोलापुरातच शिकवणारे आहेत आणि त्यांनी ती तशी ठेवली आहेत. प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला तो त्यामुळेच.

विषय असा: विद्यार्थी वर्गात येतो, फळ्यासमोर बसतो, प्रयोगशाळेत हात चालवतो. दोन तासांच्या मध्ये मात्र त्याच्या अभ्यासाचे काय होते, हे शिक्षकाला सहसा ठाऊक नसते. मधल्या या काळात व्हॉट्सअॅप, टेलिग्राम यांसारख्या अॅपचा उपयोग करून वर्गातले आणि वर्गाबाहेरचे शिकणे एकमेकांत विणता येईल का? यालाच शिक्षणशास्त्रात मिश्र शिक्षण म्हणतात. आपल्या महाविद्यालयांतून त्याला सर्रास ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हटले जाते. यात एक अट आहे आणि ती फार वेळा विसरली जाते. दोन्ही भाग एकमेकांवर अवलंबून असले पाहिजेत. ग्रुपवर पडलेल्या गोष्टीमुळे उद्याचा तास बदलला पाहिजे आणि तासात घडलेल्या गोष्टीमुळे ग्रुपवरचे काम बदलले पाहिजे. वर्ग जसा होता तसाच चालला आणि शेजारी ग्रुपवर पीडीएफ साठत राहिल्या, तर ते मिश्रण झाले नाही.

दुरून शिकवण्याची धडपड जुनी आहे. १८४० मध्ये इंग्लंडात आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवायला घेतले. विद्यार्थी उतारा लिहून पाठवत आणि पिटमन तो दुरुस्त करून परत पाठवत. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत साधने वाढत गेली आणि दुरुस्त होऊन परत येणारे उत्तर हरवत गेले. आकाशवाणीने शालेय कार्यक्रम दिले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. त्यात सोलापूरच्या शेजारचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. म्हणजे अक्कलकोटच्या वेशीपलीकडे ही हवा पन्नास वर्षांपूर्वीच येऊन गेली होती. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठी मुलांच्या एका पिढीने तिचे कार्यक्रम पाहिले. २०१७ मध्ये ती बंद पडली याची हळहळ मला आजही वाटते. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला. या साऱ्यांत उत्तम माणसांनी जीव ओतला, पण बोलणारा एका टोकाला आणि ऐकणारा दुसऱ्या टोकाला अशीच रचना बहुतांशी राहिली. मुलाला काय कळले नाही, हे पडद्याला कळण्याची सोय सहसा नव्हती.

महाराष्ट्रात या चौकटीला छेद दिला तो १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. घरी वाचायची पुस्तके आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावरची संपर्कसत्रे अशी त्याची घडण. नोकरदार, गृहिणी, अर्धवट शिक्षण सुटलेले शेतकरी सुट्टीच्या दिवशी एखाद्या महाविद्यालयाच्या रिकाम्या वर्गात जमत आणि अडलेले विचारत. ‘ब्लेंडेड’ हा शब्द आपल्याकडे रुळण्यापूर्वीच मराठी माणूस मिश्र पद्धतीने शिकत होता. या परंपरेचा उल्लेख आपल्याकडच्या तंत्रज्ञानविषयक लेखनात क्वचित येतो. तो यायला हवा.

मोबाइलवरच्या निरोपांचा शिक्षणासाठी सुरुवातीचा एक लक्षणीय उपयोग झाला तो दक्षिण आफ्रिकेत. २००७ मध्ये तिथे ‘डॉक्टर मॅथ’ हा उपक्रम सुरू झाला. मुले साध्या फोनवरच्या ‘मिक्सिट’ या निरोपसेवेतून गणिताची शंका विचारत आणि पलीकडे बसलेला स्वयंसेवक थेट उत्तर न देता एकेक पायरी विचारत त्यांना पुढे नेई. व्हॉट्सअॅप आले २००९ मध्ये, टेलिग्राम २०१३ मध्ये. भारतात खरा पालट झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर. डेटा स्वस्त झाला आणि हॉटेलातल्या वेटरपासून उसाच्या फडावरच्या मुकादमापर्यंत सगळ्यांच्या हातात व्हॉट्सअॅप आले. शिक्षकांनीही ते कोणाच्या आदेशाची वाट न पाहता उचलले. केंद्रप्रमुखांचा ग्रुप, विषयशिक्षकांचा ग्रुप, पालकांचा ग्रुप अशी ग्रुपांची साखळी जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी राहिली.

मग करोना आला. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सअॅपवरून रोज पाठवायला सुरुवात केली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागे. २०२० च्या अखेरीस ‘स्वाध्याय’ उपक्रम आला, त्यात दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवरच प्रश्न येत आणि मुलाला आपले चुकले कुठे ते तिथेच कळे. ग्रामीण शिक्षणाच्या स्थितीवरील ‘असर’ अहवालाचे या काळातले आकडे बोलके आहेत. देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांच्या घरांपैकी ३६.५ टक्के घरांत २०१८ साली स्मार्टफोन होता, २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झाले आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के. पण त्याच २०२१ च्या अहवालात असेही दिसले की ज्यांच्या घरी फोन आहे अशा मुलांपैकी २६.१ टक्के मुलांच्या हाती तो येतच नाही. घरात फोन असणे वेगळे आणि मुलाला फोन मिळणे वेगळे. या फरकावर या पुस्तकाने बरीच पाने खर्च केली आहेत आणि ती योग्य खर्चली आहेत.

आता या क्षेत्रातल्या विचारप्रवाहांकडे वळतो. नवख्या वाचकाला ते आधी ठाऊक असलेले बरे.

एक प्रवाह अंतराचा. मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून मांडले की दूरशिक्षणात अडचण मैलांची नसते, संवादाच्या तुटीची असते. शेवटच्या बाकावरचा मुलगा शिक्षकापासून जितका दूर असू शकतो, तितका शंभर मैलांवरचा विद्यार्थी असेलच असे नाही. दुसरा प्रवाह समूहाचा. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये मांडलेल्या चौकटीत शिकणाऱ्यांचा समूह, शिक्षकाची उपस्थिती आणि विचाराची खोली या तिन्हींचा मेळ लागतो. इस्रायलमधल्या शाळांतील व्हॉट्सअॅपवर बुह्निक आणि देशेन यांचा २०१४ चा अभ्यास याच वाटेने जातो. ग्रुपमुळे वर्गात आपलेपणा येतो, लाजरी मुले बोलू लागतात, असे त्यांच्या पाहणीत दिसले. आपला अनुभवही याहून वेगळा नाही.

तिसरा प्रवाह उलट्या वर्गाचा. २००७ च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोतील वुडलँड पार्क इथे जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी व्याख्यान चित्रफितीवर घरी पाठवले आणि गणिते वर्गात सोडवून घेतली. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या शिक्षकांनीही हा विचार उचलला. आयआयटी मुंबईने दूरस्थ केंद्रांच्या जाळ्यातून हजारो शिक्षकांना एकाच वेळी प्रशिक्षण दिले. तिथल्याच शिक्षण-तंत्रज्ञानाच्या अभ्यासकांनी चित्रफितीत मुद्दाम थांबे ठेवण्याची रीत रुजवली. शिक्षक मध्येच थांबतो, ‘आता वहीत लिहा’ म्हणतो आणि मग पुढे बोलतो. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापकांनी आपापल्या विषयांच्या छोट्या चित्रफिती यूट्यूबवर खुल्या केल्या. आजही कोणीही त्या पाहू शकतो.

निरोपांच्या अॅपचे काम नेमके कुठे सुरू होते, ते एका उदाहरणाने दाखवतो. समजा, पॉलिटेक्निकचा दुसऱ्या वर्षाचा वर्ग आहे. उद्याच्या तासाला तुळईवरची बले शिकवायची आहेत. शिक्षिका आदल्या संध्याकाळी सहा-सात मिनिटांची चित्रफीत आणि एक प्रश्न ग्रुपवर टाकते: सहा मीटर लांबीची तुळई दोन्ही टोकांना टेकवली आहे, डाव्या टोकापासून दोन मीटरवर बारा किलोन्यूटनचा भार आहे, तर डावी आणि उजवी रिअॅक्शन किती? पोलमध्ये चार पर्याय: आठ आणि चार, चार आणि आठ, सहा आणि सहा, बारा आणि शून्य. बरोबर उत्तर आठ आणि चार. पण तिला खरी माहिती मिळते ती चुकीच्या उत्तरांतून. ‘सहा आणि सहा’ निवडणाऱ्यांनी भार नेहमी निम्मा-निम्मा वाटला जातो असे धरले आहे. ‘चार आणि आठ’ निवडणाऱ्यांना सूत्र पाठ आहे, पण अंतर कोणत्या टोकापासून मोजायचे ते कळलेले नाही. दोन्ही चुका वेगळ्या, त्यांच्यावरचे उपायही वेगळे. सकाळी वर्गात शिरताना तिला ठाऊक असते की सुरुवात कुठून करायची. एखाद्या मुलीने वहीतल्या आकृतीचा तिरपा फोटो पाठवलेला असतो, त्यावर फोनचीच सावली पडलेली. शिक्षिका अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट पाठवते: ‘आधी दोन्ही रिअॅक्शनची बेरीज कर. बारा येते का बघ. मग डाव्या टोकाभोवती मोमेंट घे.’ उत्तर ती सांगत नाही.

वर्गापूर्वीच्या उत्तरांवरून वर्ग बेतण्याची ही पद्धत अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी नव्वदच्या दशकात संगणकावर राबवली होती. आपल्याकडे त्यासाठी वेगळी प्रणाली, लॉगिन, पासवर्ड असले काही न लागता ती मुलाच्या हातातल्या अॅपवर होऊ शकते. मला या क्षेत्राचे सर्वांत मोठे मोल इथेच दिसते.

चौथा प्रवाह कमी साधनांत शिकवणाऱ्यांचा, आणि माझ्या मते आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. करोनाकाळात बोट्स्वानात नोम अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही हजार कुटुंबांवर एक प्रयोग केला. काही पालकांना आठवड्याला गणिताचे साधे एसएमएस पाठवले. काहींना एसएमएस तर पाठवलेच, शिवाय दर आठवड्याला शिक्षकाने थोडा वेळ फोनही केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता: नुसत्या एसएमएसने फारसे काही साधले नाही, फोनची जोड मिळालेली मुले मात्र खरोखर शिकली. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, आणि तरी शिकली. कारण पलीकडे माणूस होता आणि तो मुलाकडून गणित सोडवून घेत होता.

पिटमनच्या टपालापासून बोट्स्वानाच्या फोनपर्यंत एकच धागा आहे. शिकणे होते ते परत येणाऱ्या उत्तरात. साहित्य पोहोचवणे हा त्यातला सोपा भाग आहे. आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपांची गाडी तिथेच अडली आहे. नोट्स, सूचना, शुभेच्छा, परीक्षेचे वेळापत्रक, पुन्हा नोट्स. विद्यार्थ्याचा अंगठा वर गेला की शिक्षक समाधानी, निळ्या टिका दिसल्या की प्राचार्य समाधानी. याला शिक्षण म्हणायला मी तयार नाही.

हा विषय आता का? धोरण पुढे गेले आहे आणि वर्ग मागे राहिला आहे, हे पहिले कारण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मिश्र पद्धतीचा पुरस्कार केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ च्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल असे सुचवले. पण तो भाग कोणत्या साधनाने, कोणाच्या फोनवर, शिक्षकाच्या कोणत्या वेळात शिकवायचा हे महाविद्यालयांवर सोडले गेले. दुसरे कारण मुलांच्या हातातला फोन. २०२४ च्या ‘असर’मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तिसरे कारण अगदी ताजे आहे. २०२४ पासून व्हॉट्सअॅपमध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक बसला आहे. ग्रुपवर आलेला प्रश्न त्याच्याकडे सरकवला की तयार उत्तर हजर. त्यामुळे प्रश्न कसा विचारावा याची कसोटी आता शिक्षकाचीही आहे. ‘तू कोणता पर्याय निवडलास आणि का, ते तुझ्या आवाजात सांग’ असे विचारणारा ग्रुप टिकेल. व्याख्या लिहून आणायला सांगणारा टिकणार नाही.

सोलापूरच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या शहरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू किंवा मराठी बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात आणि महाविद्यालयातली पुस्तके इंग्रजीत असतात. पाठ्यपुस्तकाची भाषा छापील असते, व्हॉइस नोटची नसते. मराठीत समजावता समजावता शिक्षक एखादे वाक्य कन्नडमध्ये बोलतो, आणि मंगळवेढ्याच्या किंवा अक्कलकोटच्या खेड्यातून आलेल्या मुलाची गाठ सुटते. आपल्याला हवे तितक्या वेळा, कोणी हसेल ही भीती न बाळगता, ती नोट पुन्हा ऐकता येते. लिखित निरोपापेक्षा आवाजी निरोप आपल्या विद्यार्थ्यांना जवळचा आहे हे लेखकांचे निरीक्षण मला पूर्ण पटते.

धोक्यांबद्दल लेखकांनी मोकळेपणाने लिहिले आहे. व्हॉट्सअॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि मुलींना याचा त्रास होतो. वर्गाच्या नावाने घेतलेला नंबर नको त्या हाती जातो आणि ती मुलगी ग्रुप सोडते. मग हजेरीत ती असते, शिकण्यात नसते. टेलिग्राममध्ये नंबर लपवता येतो, हजारोंना सामावता येते, प्रश्नमंजूषेची सोय आहे. पण तिथेच चोरलेल्या पुस्तकांच्या आणि फुटलेल्या प्रश्नपत्रिकांच्या नावाखाली फसवणाऱ्या वाहिन्याही बोकाळल्या आहेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सर्वांना बालक मानले आहे आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणजे अकरावी-बारावीचा ग्रुपही आता सहज काढण्याची गोष्ट राहिलेली नाही. शिवाय शिक्षकाच्या वेळेचा प्रश्न आहे. रात्री अकराला आलेल्या शंकेला लगेच उत्तर दिलेच पाहिजे असा अलिखित दंडक अनेक संस्थांत पडत चालला आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकावर तर हा बोजा बिनपगारी पडतो. उत्तराची वेळ ठरवून ती पहिल्याच दिवशी जाहीर करावी, ही लेखकांची सूचना प्रत्येक प्राचार्याने मनावर घ्यावी.

एका मुद्द्यावर माझे लेखकांशी जमत नाही. सोयींचा विचार करून त्यांचा कल टेलिग्रामकडे आहे. मला वाटते, साधन निवडण्याचा अधिकार घराकडे असावा. आईच्या फोनवर व्हॉट्सअॅप आधीच आहे आणि ते तिला चालवता येते, हा फायदा कोणत्याही सोयीहून मोठा. नवे अॅप म्हणजे नवी जागा अडणार आणि घरात नवा संशय येणार. पण असा मतभेद व्यक्त करायला वाव मिळतो, कारण लेखकांनी आपली कारणे स्वच्छ मांडली आहेत.

हे पुस्तक तंत्राची माहितीपुस्तिका नाही. कोणते बटण कुठे, हे त्यात फार थोडे सापडेल, आणि ते बरेच झाले, कारण बटणे दर सहा महिन्यांनी बदलतात. लेखक एका शाखेपुरतेही बोलत नाहीत. प्राथमिक शाळेतला पालकांचा ग्रुप, कनिष्ठ महाविद्यालयातला विज्ञानाचा वर्ग, अभियांत्रिकीची प्रयोगशाळा आणि अध्यापक विद्यालयातले भावी शिक्षक यांच्याकडे ते एकाच प्रश्नासह जातात: दोन तासांच्या मध्ये काय घडले आणि त्याने पुढचा तास बदलला का? जिथे बदलला नाही, तिथे तसे त्यांनी लिहिले आहे. फसलेल्या प्रयोगांची इतकी सविस्तर नोंद मराठीतल्या शिक्षणविषयक लेखनात क्वचित सापडते.

वाचकांपैकी जे शिकवतात त्यांना एक विनंती. पुस्तक वाचायला घेण्यापूर्वी आपल्या वर्गाची एक यादी करा. कोणाच्या घरी किती फोन, तो कोणाच्या ताब्यात, दिवसातून कोणत्या वेळी मोकळा, महिन्याचा रिचार्ज कोण भरतो, आणि कोणाकडे फोन नाहीच. ज्याच्याकडे नाही त्याच्यापर्यंत तुमचा प्रश्न कसा जाईल ते आधी ठरवा आणि मगच ग्रुप काढा. ती यादी शेजारी ठेवून पुस्तक वाचा, आणि जिथे लेखकांचे म्हणणे तुमच्या यादीशी जुळणार नाही तिथे त्यांना अवश्य कळवा.